निजवलेला कोट

आमच्या गल्लीत बारीक होणाऱ्या बाईचं कुणी कौतुक करत नाही. आधी विचारतात, "काय गं, दुखणं-बिखणं नाही ना?" आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "घरी सगळं ठीक आहे ना?" दलेंदाला त्या हिवाळ्यात हे दोन प्रश्न इतक्या तोंडांनी विचारले गेले, की पावाच्या भट्टीवर रांगेत उभं राहायचंच तिनं सोडून दिलं. भट्टीवाल्यानं तर सरळ तिच्या नवऱ्याला गाठलं. "मोन्सेफभाई, बर्फाच्या कारखान्यात पगार थकलाय की काय? बाई निम्मी झाली तुमची."

"पगार चालू आहे," मोन्सेफ म्हणाला, "पाव बंद आहे."

झालं होतं इतकंच, की दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "रक्तातली साखर आणि गुडघे, दोघांची शर्यत लागलीय. कुणी आधी तुला खाली बसवायचं ते तूच ठरव." दलेंदा घाबरली. मैद्याचा पाव सुटला, जवाची भाकर आली. लबलाबीच्या वाडग्यात शिळा पाव कुस्करायचा नाही, नुसते हरभरे आणि त्यांचं पाणी प्यायचं, म्हणजे मिठाशिवायचा समुद्रच. पण ती तेही प्याली. आणि उजाडताच बिझर्तच्या जुन्या बंदरापासून समुद्राच्या भिंतीवरून शेवटच्या दिव्यापर्यंत चालत जायला लागली.

तिची आई शुक्रवारी कुसकुसचं भांडं घेऊन यायची आणि लेकीकडे बघून तोंडाला पदर लावायची. "बाईचं अंग म्हणजे नवऱ्याची अब्रू असते गं. लोक माझ्या जावयाला काय म्हणतील?" म्हणायची आणि जाताना दलेंदाचे ढगळ झालेले कपडे पिशवीत भरून न्यायची. घरी त्यांच्या लांब पट्ट्या फाडून ती चिंध्यांची सतरंजी विणत होती.

"अगं आई, सगळे नेऊ नकोस. परत जाड झाले तर?"

"तर सतरंजी गुंडाळून फीर."

अंग उतरत होतं, पण कपडे काही त्याबरोबर उतरत नव्हते. एक घागरा तिनं दोनदा आत घेतला. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा दोन्ही बाजूंचे खिसे मागे जाऊन एकमेकांना भेटले. कमरेला पिना, खांद्याला पिना. आणि जे घ्यावं ते जेमतेम महिना-दीड महिन्याचा सोबती, पुढे परत ढगळ. मोन्सेफच्या पगारात काचेमागे नवे कपडे मांडणाऱ्या दुकानाकडे बघायचीही सोय नव्हती, तेव्हा या सगळ्या येत्या-जात्या मापांसाठी उरला तो फ्रिप, मोठ्या बाजाराच्या मागच्या गल्लीतला तिजानीकाकांचा जुन्या कपड्यांचा मांडव. बिझर्तमधलं अर्धं गाव तिथूनच अंग झाकतं आणि उरलेलं अर्धं गाव, आपण तिथे जात नाही असं सांगतं.

मंगळवारी काका परदेशातून आलेला गठ्ठा फोडतात. त्या दिवशी भाव चढा. बुधवारी थोडा उतरतो, गुरुवारी आणखी, आणि शनिवारी दुपारी तर काका ढिगावर उभे राहून ओरडतात, "उचला, उचला, मला घरी न्यायला जागा नाही!" साहजिकच बायकांनी यावर तोड काढली होती. मंगळवारी चांगली वस्तू हाती लागली आणि पैसे कमी पडले, तर ती दुसऱ्याच कुठल्या तरी ढिगाच्या तळाशी खुपसून ठेवायची आणि शनिवारी काढून घ्यायची. याला म्हणायचं निजवणं. "मी एक स्वेटर निजवलाय बाई." "माझी चादर कुणी तरी उठवून नेली मेली." काकांना हे पाठ होतं. ते दिवसातून दहादा ओरडायचे, "हे दुकान आहे, पाळणाघर नव्हे!" पण सगळे ढीग उपसायचे म्हणजे त्यांनाही जिवावर यायचं.

एक रीत मात्र होती. ती कुणी कुणाला शिकवली नव्हती, सगळ्यांना ठाऊक होती. जिच्याबरोबर बाजारात आलीस, तिच्यापासून निजवायचं नाही. जोडीनं आलेल्या दोघी ढिगाची दोन टोकं धरतात आणि एकमेकींच्या मापाचं काही दिसलं की हाक मारतात. दलेंदा जायची ती मुफीदाताईबरोबर.

मुफीदा तिची थोरली नणंद. नवरा गेल्यापासून ती लेकीला घेऊन खालच्या खोल्यांत राहायची आणि एका धोबीखान्यात इस्त्री करायची. हडकुळी नाही, जाड नाही, रुंद खांद्यांची, ताठ बाई. तोंडानं फटकळ. पण दलेंदानं चालायला सुरुवात केली तेव्हा पहिल्या दिवशी ही पण शाल गुंडाळून दारात उभी.

"तुम्हाला काय गरज ताई?"

"मला नाही. पण एकटी गेलीस तर दुसऱ्या चौकातून परत येशील, मी काय ओळखत नाही तुला?"

बंदरावरचे नावाडी दोघींना बघून ओरडायचे, "आली रे, मोठी बोट आली!" मुफीदा न थांबता उत्तर द्यायची, "बोट ही. मी नुसता दोर. आणि तुम्ही किनाऱ्यावरचं शेवाळ!" साऱ्या गल्लीत तिनं एकटीनंच दलेंदाला कधी विचारलं नव्हतं, काय दुखतंय म्हणून.

त्या जानेवारीत मुफीदाच्या लेकीचं, युसराचं, ठरत आलं. मुलगा ट्यूनिसचा, त्याची आई शाळेची मुख्याध्यापिका. रविवारी ती मंडळी फातिहा वाचून लग्न पक्कं करायला येणार होती. युसराचा पोशाख झाला, मिठाई सांगून झाली, शेजारच्या खुर्च्या आल्या. राहिली ती मुलीची आई. आमच्या घरांत हिवाळा बाहेरच्यापेक्षा आत जास्त असतो. पाहुणेसुद्धा कोट अंगावर ठेवूनच बसतात. आणि मुफीदाचा एकुलता एक कोट कोपरांवर इतका झिजला होता, की इस्त्री फिरवली तर चमकायचा.

"एक बरा कोट बघायचाय," ती दलेंदाला म्हणाली. "गडद रंगाचा, जड कापडाचा. त्या बाईसमोर माझ्या लेकीची मान खाली जायला नको. तुझी नजर चांगली आहे, तू बघ. मला कापड कळतं पण ढिगात काही दिसतच नाही."

"मिळेल ताई. मंगळवारीच मिळवू."

मंगळवारी काकांनी गठ्ठ्याची पट्टी कापली आणि आतले कपडे दाबून ठेवलेल्या श्वासासारखे फुगून वर आले. डांबरगोळ्यांचा आणि परक्यांच्या कपाटांचा वास सुटला. बायकांची कोपरं चालू झाली. मुफीदा लेकीसाठी बूट बघायला पलीकडच्या टोकाला गेली. दलेंदा नेहमीसारखी न बघता, नुसत्या बोटांनी चाचपत होती, आणि बोटांना तो लागला.

बाहेर ओढला. पिकल्या अंजिराच्या सालीचा असतो तसा रंग. जड लोकर, शिंगाची बटणं, अस्तर कुठेही उसवलेलं नाही. खांदे बघताक्षणी तिला कळलं होतं, हे मुफीदाताईचे खांदे. यात शंकेला जागा नव्हती. हाक मारायला तिनं तोंड उघडलंही.

पण त्याआधी तिनं तो एकदा अंगावर चढवला. सहज. खांबाला तारेनं बांधलेल्या, कोपऱ्यात तडकलेल्या आरशात बघितलं. बटणं लागत नव्हती. पोटावर दोन कडांमध्ये तळहाताएवढी फट राहत होती. तरी आरशात जी बाई होती, तिच्याकडे दलेंदा बघतच राहिली. गेले कित्येक महिने ती जे काही घेत होती, ते अंग झाकायला, काळं, करडं, पुढच्या महिन्यात फाडून सतरंजीत जाणारं. हा कोट तसा नव्हता. यात शिरायला अजून थोडं उतरावं लागणार होतं, आणि उतरल्यावर मग कुणी तिला काय दुखतंय म्हणून विचारलं नसतं. विचारलं असतं, कुठून घेतलास.

काकांनी भाव सांगितला. तिच्या बटव्यात त्याच्या निम्मेही नव्हते. मुफीदाकडेही नव्हते, पण मुफीदानं धोबीखान्याच्या मालकिणीकडून उचल घेऊन आजच्या आज घेतला असता.

"शनिवारी निम्म्याच्याही निम्म्यात मिळेल," दलेंदानं स्वतःला सांगितलं. "ताईंचेच पैसे वाचतील. आत्ता सांगितलं तर त्या उचल घेतील. शनिवारीच सांगू." हे तिनं मनात इतक्या समजूतदारपणे म्हटलं, की क्षणभर तिलाही खरं वाटलं. मांडवाच्या कडेला थंड देशांतल्या लहान मुलांच्या, बर्फात घालायच्या जाड फुगीर विजारींचा ढीग होता. प्रत्येक गठ्ठ्यातून त्या येतात आणि बिझर्तमध्ये कुणीही त्या घेत नाही. तिनं इकडेतिकडे बघितलं, कोटाची घडी केली आणि अगदी तळाशी, फळीला टेकेल असा निजवला.

मुफीदा बूट हलवत आली. "मला हे मिळाले. तुला काही दिसलं?"

"नाही ताई. चिंध्याच आल्यात या खेपेला."

हे बोलून झालं आणि मग दलेंदाच्या लक्षात आलं, की पैसे वाचवायचे असते तर ताईंच्या कानात सांगून दोघींनी मिळून निजवता आला असता.

बुधवारी दोघी परत गेल्या. गुरुवारी परत. मुफीदा दिवसभर उभं राहून इस्त्री करून यायची, पाय सुजलेले, आणि तरी ढीग उलथायची. दलेंदा तिच्या शेजारी उभी राहून तिच्याबरोबर उलथायची, असा नाही तसा बघू म्हणायची, एखादा कोट उचलून धरायची, "बाही आखूड आहे नाही?" म्हणून टाकून द्यायची. आपले हात इतकं सराईतपणे हे नाटक करतात हे बघून तिचं तिलाच कसंतरी होत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, काकांनी नुसतं खाकरलं तरी तिला वाटायचं, आता बोलतात.

गुरुवारी मुफीदा दमून टेकली ती नेमकी त्या विजारींच्या ढिगावर हात ठेवून. एक विजार उचलून हसली. "ही बघ, बिझर्तच्या बर्फासाठी! खाली काय दडलंय कुणास ठाऊक, कुणी हातच लावत नाही याला. बघू का गं?"

"छे, तिथे काय असणार," दलेंदा म्हणाली. "पोरांच्या विजारी नुसत्या. चला ताई, अंधारून आलंय."

मुफीदानं हात काढला.

शुक्रवारी आईचं कुसकुस आलं, भोपळा, हरभरे, मटणाचे दोन तुकडे. दलेंदानं ताट बाजूला सरकवलं. "अगं, खा की," मोन्सेफ म्हणाला. "डॉक्टरीणबाईंनी बारीक हो म्हटलंय, अदृश्य हो नाही म्हटलं." आई म्हणाली, "बघ, नजर लागली पोरीला." दलेंदा उठून भांडी घासायला गेली. त्या आठवड्यात ती खरोखरच उतरली, घागऱ्याची पीन आणखी आत सरकली, आणि एरवी ज्याचा आनंद व्हायचा त्याची तिला लाज वाटली.

शनिवारी मुफीदाला धोबीखान्यातून सुटी नव्हती. दलेंदा एकटी गेली. वाटेत तिनं शंभरदा म्हटलं, देवा, कुणीतरी उठवून नेलेला असू दे. म्हणजे प्रश्नच मिटला. पण कोट होता तिथेच होता, फळीला टेकून, जराशी घडी पडलेला. काकांनी उलटून बघितला, तिच्याकडे बघितलं. "छान झोप झालेली दिसतेय याची," म्हणाले, आणि दोन दिनार घेतले. हसायला हवं होतं, तिला हसता आलं नाही. सलगम आणि पालेभाजीच्या खाली कोट दडपून ती घरी आली.

घरात कुणी नव्हतं. दार लावून तिनं तो परत घातला. फट अजून होतीच. मंगळवारपेक्षा थोडी कमी, दोन बोटांची कमी असेल. पोट आत ओढून, श्वास धरून मधलं एक बटण लागलं. श्वास सोडला तसं निसटलं. ती पलंगावर बसली. अजूनही वेळ गेली नव्हती. खाली जाऊन, 'ताई, आज मिळाला' म्हणायचं, एवढंच. कुणाला काही कळलं नसतं. पण ती उठली नाही. हात लोकरीवरून फिरत राहिला. ताईंना कुणाचा तरी मिळेलच की एका दिवसापुरता, असंही तिच्या मनात आलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. तिनं कोट काढून पलंगावरच्या घोंगडीखाली ढकलला.

मुफीदा आत आली. हातात शेजारणीचा करडा कोट होता. "पिना दे गं थोड्या. बाह्या बघ, कोपराच्या जरा खाली संपतायत. मी कोट घातलाय की कोटानं मला, कळत नाही."

दलेंदानं पिनांचा डबा दिला. मुफीदा खुर्चीवर टेकली, एक पीन लावून बघितली, काढली, आणि डबा मांडीवर ठेवून दिला.

"राहू दे. मी ठरवलंय. उद्या मी स्वयंपाकघरातच थांबते. सर्दी झाली म्हणायचं, पाहुण्यांना लागायला नको. बैठकीत तू बस युसराजवळ. तू आता छान दिसतेस, अंगानं आटोपशीर झालीयस. मामी बसली तर वावगं नाही दिसायचं."

"ताई, काहीतरीच काय! लेकीची फातिहा, आणि आई चुलीपाशी?"

"चुलीपाशी ऊब असते," मुफीदा हसून म्हणाली. "युसराला मी सांगितलंय. रडली थोडी. ऐकेल." मग उठता उठता तिनं दलेंदाच्या गालाला हात लावला. "माझ्यापायी तुझा पण आठवडा गेला गं त्या ढिगात. देव तुला देईल."

मुफीदा दारापर्यंत गेली होती.

"ताई, थांबा."

दलेंदानं घोंगडी दूर केली.

मुफीदाच्या तोंडावर आधी जे उमटलं ते निव्वळ हसू होतं, लहान पोरीचं असतं तसं. "अगबाई! अगं हा कुठे मिळाला? शेवटच्या दिवशी! म्हणजे आज माझ्यासाठी एकटी गेली होतीस तू?" तिनं कोट उचलला, कापड अंगठ्याखाली चोळून बघितलं, आणि दलेंदाच्या कपाळाचा मुका घेतला.

हो म्हणायचं होतं. हो जिभेवर तयार होतं. पण कपाळाला लागलेल्या त्या ओठांनी ते जिभेवरच अडवलं.

"आज नाही मिळाला," ती म्हणाली. "मंगळवारी मिळाला होता."

"मंगळवारी?"

"मी निजवला होता."

मुफीदा कोट हातात धरून उभी होती. कळायला तिला थोडा वेळ लागला. दलेंदाला तो वेळ दिसत होता, एकेक दिवस मागे जाताना.

"परवा मी त्या विजारींवर हात ठेवला होता."

"खालीच होता."

"तू म्हणालीस, तिथे काय असणार."

"म्हणाले."

"कुणासाठी निजवलास?"

"माझ्यासाठी."

"होतो तुला?"

"नाही." दलेंदा खाली बघत होती. "पुढे होईल, असं वाटलं."

मुफीदा हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "म्हणजे माझ्यापासून लपवलास तो जी बाई अजून झालीच नाही तिच्यासाठी. मी तर ही इथे उभी होते, तुझ्याशेजारी."

तिनं कोट चढवला. आरशाकडे गेली नाही, नुसती बटणं लावली, एकेक, वरून खाली. शिंपी घरी बोलावून शिवून घेतला असता तरी इतका बसला नसता. मग विचारलं, "किती दिलेस?"

"ताई, नको ना..."

"किती?"

"दोन दिनार."

मुफीदानं कनवटीचा बटवा काढला आणि दोन दिनार पिनांच्या डब्याशेजारी ठेवले. "भावजयीनं दिला असता तर फुकट घेतला असता," ती म्हणाली. "बाजारातून घेतलेल्याचे पैसे द्यायचे असतात." आणि शेजारणीचा करडा कोट हातावर टाकून खाली गेली.

रविवारी मुफीदा बैठकीत, लेकीच्या शेजारी, ताठ बसली होती. दलेंदानंच चुलीजवळची जागा घेतली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. बदामाच्या सरबताचं तबक घेऊन ती बाहेर आली तेव्हा मुलाची आई मुफीदाच्या बाहीला हात लावून बघत होती. "किती सुंदर कापड आहे हो! ट्यूनिसमध्ये शोधून मिळायचं नाही असं. कुठून घेतलात?"

"आमच्या दलेंदानं शोधला," मुफीदा म्हणाली. "तिच्या नजरेतून काही सुटत नाही."

आवाजात काही नव्हतं, ना खोच, ना राग. पाहुणीनं कौतुकानं दलेंदाकडे बघितलं. दलेंदानं तबक तिच्यापुढे केलं. फातिहा वाचून झाली, हात चेहऱ्यांवरून फिरले, बायकांनी जिभा हलवून आनंदाची ललकारी दिली, आणि दलेंदा रिकामे पेले गोळा करायला लागली.

सोमवारी उजाडता ती खाली उतरली, तर मुफीदाच्या दाराला आतून कडी. दिवा जळत होता, पेला ठेवल्याचा आवाज आला. हाक मारायला तिचा धीर झाला नाही. ती एकटीच निघाली. नावाडी ओरडले, "अरे, बोटीचा दोर कुठाय?" दुसऱ्या चौकातून परत फिरावंसं वाटलं. फिरली नाही, दिव्यापर्यंत गेली.

मुफीदा बोलत नव्हती असं नाही. "मीठ आहे का गं?" "मोन्सेफ आला का?" "पाणी जाणारंय उद्या." सगळं बोलायची. टोमणा मात्र एकही मारायची नाही. दलेंदानं इतक्या वर्षांत नणंदेचे टोमणे रोजच्या भाकरीसारखे खाल्ले होते. एकही टोमणा न येणं तिला पचेना. एकदा मुद्दाम तिच्यासमोर भाजी जाळली. मुफीदानं झाकण उचलून बघितलं, "होतं असं कधी कधी," म्हणाली आणि गेली. मोन्सेफनं विचारलं, "तुमच्यात काही झालंय का?" दलेंदानं त्याला सगळं सांगितलं. त्यानं हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "ताईचा राग मला ठाऊक आहे. तो मी काढू शकत नाही. तूही घाई करू नकोस." मंगळवारी मुफीदा दुपारच्या सुटीत एकटीच बाजारात जाऊन यायची. दलेंदा शनिवारी जायची, ढिगाच्या एका टोकाला उभी राहायची आणि दुसरं टोक मोकळं बघून जे हाती येईल ते उचलून परतायची. तिजानीकाकांनी विचारलं, "जोडीदारीण कुठंय?" ती म्हणाली, "त्यांना सवड नाही." हे तिसरं खोटं, असं तिच्या मनात आलंच.

असे कितीतरी दिवस गेले. बदामाची झाडं फुलून गेली, डॉक्टरीणबाईंनी कागद बघून टेबलावर थाप मारली आणि "शाबास" म्हणाल्या, आईची सतरंजी दारापर्यंत पोचली. आणि एका सकाळी दलेंदा खाली उतरली तर मुफीदा दारात उभी. अंगावर तोच कोट.

"काय बघतेस? युसराच्या लग्नात मला नाचायचंय. गुडघे लागतील त्याला," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

दलेंदा मागे. समुद्राच्या भिंतीवर वारा बोचरा होता, पण मुफीदा इतक्या तरातरा चालत होती की अर्ध्या वाटेत तिला घाम फुटला. तिनं कोट काढला आणि मागे न बघता हात मागे केला. "धर जरा."

दलेंदानं धरला. कोटाला आता परक्या कपाटाचा वास येत नव्हता, इस्त्रीच्या वाफेचा येत होता. आता फट राहणार नाही हे तिला आरशाशिवाय कळत होतं; अंगावरचा पातळ स्वेटरच तिला सांगत होता. तिनं तो दोन्ही हातांवर, ओलं मूल धरावं तसा अंगापासून जरा लांब धरला.

मुफीदानं वळून बघितलं. "थंडी वाजतेय तुला. दात वाजतायत. घाल तो."

"नको ताई."

"अगं, घाल म्हणते ना."

"नाही घालणार."

"आणि आजारी पडलीस म्हणजे? लग्नाची मिठाई कोण करणार, तुझी आई?"

दलेंदानं मान हलवली. नाकातून पाणी येत होतं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. मुफीदा कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिली. वाऱ्यानं तिच्या ओढणीचं टोक तोंडावर आपटत होतं, ते तिनं रागानं मागे सारलं.

"गाढव आहेस तू," ती म्हणाली. "आधी होत नव्हता तेव्हा हवा होता, आता होतोय तर नको. वजनाबरोबर अक्कल पण उतरली वाटतं."

दलेंदा उभ्या जागी रडायला लागली.

"रडतेस काय भर बंदरावर! लोक म्हणतील नणंद मारते. चल, पाय उचल," मुफीदा म्हणाली आणि परत पुढे निघाली. पण या वेळी जरा सावकाश.